मधमाशी परत परत चावली तर अंग सरावतं की अ‍ॅलर्जी वाढते?

रानमेवा_सातारा:
नमस्कार मंडळी, एक शंका आहे, जरा लांबण लागेल पण वाचा. माझे मामा महाबळेश्वरच्या बाजूला सातेरीच्या पेट्या ठेवतात, आख्खं आयुष्य माशांत गेलंय. पेटी उघडताना हाताला दोनचार काटे बसले तर नखानं खरवडून काढतात आणि बोलणं चालूच, सूज नाही की काही नाही. मामी मात्र पेट्यांच्या वाटेला जात नाही, तरी घर तिथंच म्हटल्यावर वर्षाकाठी एखादी माशी चावतेच. गेल्या वर्षी चावली तेव्हा कोपरापर्यंत हात टम्म फुगला होता, दोन दिवसांत उतरला, कुणी मनावर घेतलं नाही. यंदा चावली तर दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, घसा आवळतोय म्हणायला लागली आणि उभ्या जागी बसलीच. नशीब जीप दारात होती, ग्रामीण रुग्णालयात मांडीत इंजेक्शन दिलं तेव्हा कुठं जिवात जीव आला.

आता मामांचं म्हणणं असं की तिला सवय नाही, अजून चारपाच वेळा चावली की अंग सरावेल, मलाही पहिल्यांदा सुजायचं. डॉक्टर म्हणाले पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं, जपा. आणि मला शाळेत शिकवलेलं की शरीरानं एकदा शत्रू बघितला की दुसऱ्या वेळी ते तयारीत असतं, म्हणून तर लस आणि बूस्टर. मग माशी तीच, विष तेच, घर एकच, आणि एकाला काही नाही, दुसऱ्याचा जीव जायची पाळी, हे कसं काय? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको.

कटिंग_चहा:
बाकीचं शास्त्र कुणीतरी सांगेलच पण आधी मामांना गप्प करा भाऊ. "अजून चार वेळा चावू दे" हा प्रयोग मामीवर कुणी करायचा नाही. आमच्या गावात एकजण असाच सवय होईल म्हणत राहिला होता, त्याला दुसऱ्यांदा आयसीयूत ठेवायला लागलं.

सूक्ष्मदर्शी:
मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळं सवयीनं जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

शाळेत शिकवलेलं चूक नाही, अर्धं आहे. आधी तो अर्धा भाग बघू. नवीन अँटिजेन, म्हणजे जंतूचा एखादा तुकडा असो, लस असो नाहीतर माशीच्या विषातलं प्रथिन असो, पहिल्यांदा आत आलं की ते ओळखणाऱ्या पेशी शरीरात असतात पण अगदी मोजक्या. त्या लिम्फ नोडमध्ये म्हणजे आपण ज्याला अवधाण येणं म्हणतो तिथल्या गाठीत जातात, तिथं वाढतात, आणि रक्तात अँटिबॉडी दिसायला आठवडा दहा दिवस सहज जातात. पहिल्यांदा येते ती मुख्यतः आयजीएम, पकड ढिली. मग त्याच गाठीत बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, स्वतःच्या अँटिबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम बारीक बारीक बदल करत बसतात, ज्यांची पकड घट्ट होते त्या टिकतात, बाकीच्या मरतात, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. शेवटी दोन प्रकारच्या पेशी उरतात, एक स्मृतिपेशी ज्या शांत बसून राहतात आणि दुसऱ्या प्लाझ्मा पेशी, ज्या हाडांच्या मगजात मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं थोडी थोडी अँटिबॉडी सोडत राहतात. दुसऱ्यांदा तोच अँटिजेन आला की तीनचार दिवसांत काम सुरू, अँटिबॉडी कितीतरी पट जास्त आणि पकड घट्ट.

ही आठवण किती टिकते याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण फॅरो बेटांचं. १८४६ साली तिथं गोवराची साथ आली, पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तपासायला गेला. बेटावर त्याआधीचा गोवर १७८१ साली येऊन गेलेला. पानुमच्या लक्षात आलं की घरोघर लोक झोपलेत पण १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला होता ते म्हातारे ठणठणीत आहेत. म्हणजे मधल्या ६५ वर्षांत परत गोवराशी गाठ नाही तरी शरीर विसरलं नव्हतं.

आता उरलेला अर्धा भाग, जो तुमच्या मामीला लागू होतो. शरीर नुसता अँटिजेन लक्षात ठेवत नाही, त्यावर पहिल्यांदा कुठलं हत्यार काढलं तेही लक्षात ठेवतं. बी-पेशीला आयजीजी बनव की आयजीई बनव (हे अँटिबॉडीचेच दोन प्रकार) हे टी-पेशी सांगतात. काही माणसांत, काही परिस्थितीत, टी-पेशी इंटरल्युकिन-४ नावाचं निरोप देणारं प्रथिन सोडतात आणि गाडी आयजीईच्या रुळावर जाते. आयजीई रक्तात नगण्य असते पण ती मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटते आणि तिथं आठवडेच्या आठवडे राहते. मास्ट पेशी म्हणजे कातडी, श्वासनलिका, आतडी इथं पेरून ठेवलेले सुरुंगच समजा, आत हिस्टामिन ठासून भरलेलं. पुढच्या वेळी विषाचा कण एकाच वेळी दोन आयजीईंना चिकटला, की झालं, मिनिटांत सगळं बाहेर. रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी खाली, घसा सुजतो. म्हणून दहा मिनिटं. लसीच्या बूस्टरला तीनचार दिवस लागतात कारण तिथं पेशींना वाढून नवीन माल बनवायचा असतो, इथं माल आधीच तयार ठेवलेला असतो.

म्हणजे मामीच्या शरीराची स्मृती अधू नाही, उलट चोख आहे. फक्त आठवण चुकीच्या हत्याराची आहे आणि प्रत्येक डंखागणिक ती अजून पक्की होऊ शकते.

रानमेवा_सातारा:
ताई हे एकदम डोक्यात शिरलं. पण मग मामा? त्यांनाही पहिल्यांदा सुजायचं म्हणतात, म्हणजे त्यांच्यातही आयजीई असणार ना?

सूक्ष्मदर्शी:
असू शकते, पुष्कळ मधपाळांच्या रक्तात आयजीई सापडते आणि तरी त्यांना काही होत नाही. त्यांच्यात जोडीला आयजीजी-४ नावाची अँटिबॉडी भरपूर असते. ही जरा गरीब स्वभावाची, आग लावत नाही, पूरकप्रथिनांना (रक्तातली हल्ला चढवणारी प्रथिनं) हाका मारत नाही, फक्त विष आयजीईपर्यंत पोचायच्या आत पकडून बसते. शिवाय नियामक टी-पेशी इंटरल्युकिन-१० सोडून एकूणच मामला थंड ठेवतात. हे होतं केव्हा, तर अँटिजेन भरपूर आणि सारखा सारखा येत राहतो तेव्हा. मधपाळांवर जे अभ्यास झालेत त्यात गंमत अशी दिसते की ज्यांना वर्षाला पंचवीसपेक्षा कमी डंख बसतात त्यांच्यात गंभीर रिअ‍ॅक्शन जास्त, आणि वर्षाला दोनशेच्या वर खाणाऱ्यांत जवळजवळ नाहीच. तुमची मामी नेमकी पहिल्या गटात बसते, वर्षाला एखादा डंख, मध्ये लांब खंड.

अजून एक, मधपाळांच्या घरच्यांना अ‍ॅलर्जी जडल्याचं डॉक्टर लोक बऱ्याच वेळा बघतात, कपड्यांवर हातमोज्यांवर वाळलेलं विष नि माशांची धूळ घरात येते, ती थोडी थोडी नाकातोंडातून जाते, त्यानं संवेदनशीलता येत असावी असं धरतात. मामांनी कामाचे कपडे बाहेरच काढावेत आणि मामीनं ते धुऊ नयेत एवढं तरी करा.

नीलकंठ_ठाणे:
ताईंनी सांगितलं ते लोकांना कळलं कसं याची गोष्ट फार भारी आहे म्हणून मधे घुसतो. १९०१ साली मोनॅकोचा राजा अल्बेर पहिला स्वतःच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना घेऊन अटलांटिकवर गेला. त्याला फिजॅलियाच्या विषात रस होता, फिजॅलिया म्हणजे पावसाळ्यात जुहूला, गोव्याला वाळूवर निळे फुगे येऊन पडतात ना, ज्याला ब्लू बॉटल म्हणतात, तेच. परत आल्यावर फ्रान्समध्ये फिजॅलिया मिळेना म्हणून त्यांनी समुद्रफुलाचं म्हणजे सी अ‍ॅनिमोनचं विष घेतलं आणि कुत्र्यांना टोचायला लागले. हेतू अगदी तुमच्या मामांचाच होता बरं का, थोडं थोडं देऊन कुत्रा सरावतो का बघू. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला पहिला डोस झाला, काही नाही. तीनेक आठवड्यांनी परत दिला, आधीपेक्षा जास्त नव्हता, कुत्रा मजेत होता, आणि काही सेकंदांत धापा टाकायला लागला, उलट्या, आणि अर्ध्या तासात मेला. संरक्षण द्यायला गेले आणि नेमकं उलटं झालं म्हणून रिशेनं त्याला अ‍ॅनाफायलॅक्सिस नाव दिलं, १९१३ चं नोबेल मिळालं त्याला.

त्यातली ती मधली तीन आठवड्यांची गॅप बघा, लगेच दुसऱ्या दिवशी दिलं असतं तर बहुतेक असं झालंच नसतं, शरीराला आयजीई बनवायला तेवढा वेळ मिळाला. (आयजीई सापडायला मात्र १९६० चं दशक उजाडावं लागलं.)

उपकेंद्र_सिस्टर:
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, आमच्याकडं हाच प्रश्न वेगळ्या रूपात रोज येतो. कुत्रा परत चावला, मागच्या वर्षी पाचही इंजेक्शनं झाली होती, आता परत पाच का? तर नाही. आधीचा कोर्स पूर्ण झालेला असेल आणि कागद असेल तर दोनच, पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे शून्य आणि तीन. आणि जखमेत भरायचं सिरम, इम्युनोग्लोब्युलिन, ते दुसऱ्या वेळी लागत नाही. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची ती मात्र दर वेळी, त्याला सूट नाही. पण लोक कागदच टाकून देतात, तीन इंजेक्शनं घेऊन बरं वाटतंय म्हणून चौथ्याला येत नाहीत, मग परत चावला की पहिल्यापासून. कृपा करून ते कार्ड आधारकार्डाच्या शेजारी ठेवा.

मास्तर_कोल्हापूर:
सिस्टर, सिरम दुसऱ्या वेळी का नको? जास्तीचं संरक्षण असेल तर चांगलंच की.

सूक्ष्मदर्शी:
सिस्टर ड्यूटीवर असतील, मी सांगते. सिरम म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात तयार झालेली तयार अँटिबॉडी. पहिल्यांदा चावा बसतो तेव्हा लसीला काम करायला आठवडा दहा दिवस लागणार, तेवढ्यात रेबीजचा विषाणू नसेत शिरू नये म्हणून ती उधारीवर घ्यायची. ज्याच्या स्मृतिपेशी आधीच तयार आहेत त्याला ती उधारी नको, दोन बूस्टरमध्ये स्वतःचीच भराभर वर येते. उलट तयार अँटिबॉडी लसीलाच जाऊन चिकटते आणि स्वतःची कमी बनते असंही होतं.

आणि याच्या अगदी विरुद्ध सापाचं इंजेक्शन बघा. कुणाला घोणस चावली, अँटिव्हेनम दिलं, वाचला. दोन वर्षांनी परत चावली तर परत तितकंच लागणार, कारण पहिल्या वेळी त्याच्या शरीरानं काही शिकलंच नाही म्हणा ना, सगळं काम घोड्याच्या अँटिबॉडीनं केलं. आपल्याकडे हाफकिनसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं हेच केलं, घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी कमी प्रमाणात, कातडीखाली, शरीराला चेतवणाऱ्या अ‍ॅडज्युव्हंटमध्ये मिसळून द्यायचं, मग आठवड्या पंधरवड्यानं वाढवत न्यायचं, काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात आयजीजी इतकी चढते की नुसत्या विषाच्या डोसनं जो घोडा पहिल्या दिवशी मेला असता त्याला काही होत नाही. म्हणजे परत परत विष देण्याचाच हा प्रकार, पण डोस, अंतर, सोबत काय दिलं, कुठून दिलं, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं. मामा म्हणतात ते "चावू दे चार वेळा" यात यातलं काहीच ठरवलेलं नाही.

उपकेंद्र_सिस्टर:
आले परत, ओपीडी संपली. ताई एक भर घालते. त्या माणसाच्या शरीरानं विषाबद्दल काही शिकलं नसलं तरी घोड्याबद्दल शिकलेलं असू शकतं. अँटिव्हेनम घोड्याचं प्रथिन आहे, आठवड्या दीड आठवड्यानं ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ असं कुणाकुणाला येतं, त्याला सिरम सिकनेस म्हणतात, आणि परत द्यायची वेळ आली तर ते लवकर येऊ शकतं. म्हणून आम्ही दर वेळी अ‍ॅड्रेनालिन भरून हाताशी ठेवतो. पण म्हणून कुणी "मागच्या वेळी रिअ‍ॅक्शन आली होती, आता नको" म्हणून मांत्रिकाकडं नेऊ नका. विष चढलं असेल तर अँटिव्हेनम द्यावंच लागतं, रिअ‍ॅक्शन आम्ही सांभाळतो.

ओवी_नाशिक:
विषय निघालाच आहे तर विचारते, माझा ब्लडग्रुप ओ निगेटिव्ह आणि ह्यांचा पॉझिटिव्ह. पहिल्या बाळाच्या वेळी काही त्रास नाही पण डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं, आता दुसऱ्या वेळी परत देणार म्हणाल्या. सासूबाईंचं म्हणणं पहिलं सुखरूप झालं मग आता कशाला. हाही तोच प्रकार आहे का?

सूक्ष्मदर्शी:
तोच, अगदी तोच, आणि डॉक्टरांचं ऐका. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात त्याच्या थोड्या लाल पेशी आईच्या रक्तात जातात. पहिल्या वेळी आईचं शरीर हळूहळू शिकतं, तोवर बाळ बाहेर आलेलं असतं म्हणून पहिलं सुखरूप. दुसऱ्या वेळी स्मृती तयार असते, घट्ट पकडीची आयजीजी बनते आणि आयजीजी वारेतून बाळापर्यंत जाते, त्याच्या लाल पेशी फोडते. अँटी-डी इंजेक्शन हे शिकणंच होऊ देत नाही, आईच्या शरीराला पत्ता लागायच्या आत त्या पेशी उचलून टाकते. म्हणून २८ व्या आठवड्याला देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत परत. आणि दर गरोदरपणात द्यावं लागतं कारण तेही सिरमसारखंच उधारीचं, काही आठवड्यांनी संपतं. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना विचारा, ते बऱ्याच जणी विसरतात.

ओवी_नाशिक:
थँक्यू ताई, सासूबाईंना हे वाचूनच दाखवते.

कटिंग_चहा:
म्हणजे थोडक्यात डेंगू पण असाच ना, दुसऱ्या वेळचा जास्त वाईट असतो म्हणतात.

सूक्ष्मदर्शी:
जवळपास. डेंगूचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण, पण दुसऱ्या प्रकाराचा आला तर जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, मारत मात्र नाहीत, उलट पेशीच्या आत शिरायला विषाणूला त्यांचा हात धरता येतो. तिथं अँटिजेन तोच नाही, तोच असल्यासारखा आहे, हा फरक. त्यावर वेगळा धागा काढा, इथं मामी बाजूला पडतील.

रानमेवा_सातारा:
हो ताई, मामींचं सांगा, आता पुढं करायचं काय? आणि तुम्ही म्हणालात डोस ठरवून दिलं तर चालतं, तसं काही माणसांसाठी असतं का?

सूक्ष्मदर्शी:
असतं. व्हेनम इम्युनोथेरपी म्हणतात. विषाचा अगदी सूक्ष्म डोस, मायक्रोग्रॅमच्याही छोट्या अंशापासून सुरू करून वाढवत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात, म्हणजे साधारण दोनेक डंखांइतकं, आणि मग महिन्या दीड महिन्यानं तोच डोस तीन ते पाच वर्षं. त्यातून मामीच्या शरीरात मामांसारखीच आयजीजी-४ नि नियामक टी-पेशी उभ्या राहतात. मधमाशीच्या बाबतीत बहुतेकांना त्याचा चांगला फायदा होतो. पण ते अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडे, हॉस्पिटलात, सगळी तयारी ठेवूनच. आपल्याकडे सगळ्या शहरांत होत नाही, पुण्यामुंबईत विचारावं लागेल. आधी त्वचेची किंवा रक्तातली आयजीईची टेस्ट करतील, ती रिअ‍ॅक्शननंतर चारसहा आठवड्यांनी केलेली बरी, त्याआधी केली तर कधीकधी खोटीच निगेटिव्ह येते.

उपकेंद्र_सिस्टर:
आणि तोवर घरात काय करायचं ते मी सांगते. मामीला बीपीची गोळी चालू आहे का बघा, बीटा ब्लॉकर असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यात अ‍ॅड्रेनालिनचा गुण कमी येतो. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका. माशी चावली की काटा लगेच काढायचा, नखानं काढा नाहीतर चिमट्यानं, कसा यापेक्षा किती लवकर हे महत्त्वाचं कारण विषाची पिशवी बाहेर राहिलेली असते आणि ती आत ढकलत राहते. गांधी, घसा, धाप, चक्कर यातलं काही दिसलं की आडवं झोपवा, पाय वर (धाप लागत असेल तर बसू द्या), आणि गाडी काढा. सेट्रिझिनची गोळी देऊन वाट बघत बसू नका, ती खाज थांबवते, घसा उघडत नाही. काम करतं ते मांडीतलं अ‍ॅड्रेनालिन. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, परत उलटू शकतं.

रानमेवा_सातारा:
सगळ्यांचे आभार. मामीला बीपीची गोळी आहेच, कुठली ते उद्या स्ट्रिपचा फोटो मागवतो. पुण्याला दाखवायचं ठरलंय. मामांना सगळं वाचून दाखवलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले मग माझं बरंय, मी आता कायमचा सुटलो. एवढंच सांगा ताई, हे खरं का?

सूक्ष्मदर्शी:
कायमचा नाही. ती आयजीजी-४ सततच्या डंखांवर टिकते. आजारपणामुळं म्हणा कशामुळं म्हणा मामांनी वर्ष दोन वर्षं पेट्यांना हात लावला नाही तर ती उतरते, आयजीईची आठवण मात्र राहू शकते. मोठ्या खंडानंतर परत पेटी उघडताना एकट्यानं उघडू नये, जाळी नि हातमोजे घालावेत, आणि धुरी जरा जास्त द्यावी. आणि आग्या मोहोळाच्या बाबतीत तर हा हिशोबच लागू नाही, शेकडो काटे एकदम बसले की ती अ‍ॅलर्जी नसते, ती सरळ विषबाधा असते, तिथं मामांची आयजीजी-४ पण काही करू शकणार नाही.